मागच्या अंगणात पर्गोला बनवून घ्यायचाय, ऊन आणि पाऊस दोन्ही अडेल का?

पुण्यात रो हाउस, मागे दहा बाय दहाची मोकळी जागा, मे महिन्यात दुपारी तिथे चहा घेत बसायचंय आणि पावसाळ्यातही वापरायचंय, एवढं तुम्ही लिहिलंय. मी बंगल्यांच्या साइटवर इंजिनिअर आहे, पर्गोले बरेच उभे केलेत, त्यामुळे सरळच सांगतो, नुसत्या पर्गोल्याने या दोन्हीपैकी एकही होत नाही. वर आडवे पाइप आणि मधे फटी असं ते काम असतं, पाऊस तर थेट आत येणार, आणि ऊन किती अडेल हे फटींवर आणि पाइपच्या दिशेवर असतं, जे कोटेशनमध्ये कुणी लिहीतच नाही.

आता उन्हाचं बघा. पुण्यात साधारण 13-14 मेला दुपारी साडेबाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तोच. म्हणजे त्या वेळेला पाइप जेवढा रुंद तेवढीच सावली. फॅब्रिकेटर बहुतेक वेळा चार बाय दोन इंचाचा बॉक्स पाइप (चौकोनी पोकळ पाइप) उभा धरून, म्हणजे दोन इंची बाजू वर ठेवून, एकेका फुटावर टाकतो, म्हणजे मधे दहा इंच फट, भर दुपारी सहावा भाग सावली आणि बाकी सगळं ऊन. पाइप दक्षिणोत्तर टाकले तर सूर्य पश्चिमेकडे कलल्यावर प्रत्येक पाइपची सावली शेजारच्या फटीत पडत जाते, पण दहा इंची फट पूर्ण झाकायला संध्याकाळचे सव्वापाच-साडेपाच वाजतात, तेव्हा तसंही ऊन उतरलेलंच असतं!! तेच फट चार इंचाची ठेवली तर साडेतीन-पावणेचारलाच सगळी सावली मिळते. फरक एवढाच की दहा फुटात दहाच्या ऐवजी वीस पाइप लागतात, आणि फॅब्रिकेटर किलोवर रेट लावत असेल तर वरच्या पाइपचं बिल डबल. आणि हेच पाइप पूर्व-पश्चिम टाकले तर दुपारनंतर ऊन पाइपच्या लांबीने आत शिरतं, कितीही जवळ टाका. म्हणून रेडिमेड किटपेक्षा बनवून घ्या म्हणतो मी, किटची दिशा आणि फट ठरलेली असते, तुमचं अंगण कुठे तोंड करून आहे ते त्याला काय माहीत.

दुपारी बसायचंच असेल तर वर काहीतरी हवं. सगळ्यात स्वस्त म्हणजे 75 टक्केवाली शेडनेट, मार्चमध्ये बांधा, जूनमध्ये सोडून घडी घालून ठेवा. वेल सोडायचा तर मधुमालती जोरात वाढते पण दरवर्षी छाटली नाही तर पसारा आणि वजन दोन्ही वाढतं, कृष्णकमळावर सुरवंट येतात आणि ते चहात पडले की घरातून काय ऐकावं लागतं ते विचारू नका. द्राक्षाचा वेल सगळ्यांनाच हवा असतो. पण आपल्याकडे त्याला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी लागते, म्हणजे ऐन एप्रिलात तुमचा मांडव उघडाबोडका, नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला ते चालतं कारण त्याला सावली नको, घड हवेत.

पावसासाठी पॉलिकार्बोनेट शीट (उजेड आत येऊ देणारा प्लास्टिकचा पत्रा) टाकता येते, पण मग तो पर्गोला राहत नाही, छप्पर होतं, आणि इथून दोन भानगडी सुरू होतात. एक तर मागची जागा बहुतेक वेळा मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती नियमाने मोकळी सोडायच्या पट्ट्यात असते, उघड्या पर्गोल्याला सहसा कुणी हटकत नाही पण शीट पडली की शेजारी तक्रार करू शकतो, तेव्हा आधी सोसायटीची परवानगी लेखी घ्या आणि महापालिकेचं काय ते आर्किटेक्टला विचारा. दुसरी भानगड वाऱ्याची. डिझाइनला पुण्यासाठी ताशी 140 किलोमीटर वारा धरतात (मुंबईला त्याहून जास्त), दहा बाय दहाच्या शीटला ढोबळ हिशोबाने आठशे किलोच्या आसपास वर उचलणारा जोर येतो. वळवाच्या पावसात पत्रे उडतात ते उगीच नाही, 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

त्यामुळे पायावर पैसे घाला, रंगावर नंतर. पेव्हर ब्लॉक किंवा पातळ कोब्यावर चार अँकर फास्टनर (भोक पाडून ठोकायचे बोल्ट) मारून खांब उभे करणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. प्रत्येक खांबाला दोन बाय दोन फुटांचा, तीन फूट खोल खड्डा, काळी माती असेल तर खाली मुरूम लागेपर्यंत जा, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवते. असा एक खड्डा काँक्रीटने भरला की आठशे किलो वजन होतं, चार खांब म्हणजे हिशोब जमला, शिवाय वेलाचंही टेन्शन नाही. पेडेस्टल, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा, जमिनीच्या वर सहा इंच काढा आणि त्यावर खांबाची बेस प्लेट (खालची लोखंडी पट्टी) बोल्टने बसवा, पाइप थेट काँक्रीटमध्ये पुरू नका, जमिनीलगत पाणी साचून नेमका तिथेच गंजतो. आणि खणायच्या आधी ड्रेनेजचं चेंबर आणि पाण्याची टाकी कुठेय ते बघा, रो हाउसच्या मागच्या जागेत ते हमखास असतं आणि हमखास तिथेच खांब यायचा असतो.

लाकूड हवंच असेल तर सागवान, पण खर्च बघून घाम फुटेल, आणि दर एक-दोन वर्षांनी तेल किंवा पॉलिश आलंच. मी जीआय पाइप, म्हणजे झिंकचा थर दिलेला लोखंडी पाइप सुचवीन, फक्त वेल्डिंग केलं की तिथला झिंक जळून जातो, म्हणून प्रत्येक जोडावर झिंकवाला प्रायमर मारून घ्या, नुसता रेड ऑक्साइड (साधा तांबडा प्रायमर) फिरवून वर काळा रंग मारला तर दुसऱ्या पावसाळ्यात जोडांमधून तांबडे ओघळ दिसायला लागतात. पाइपची उघडी तोंडं पण बंद करून घ्या, नाहीतर आत पाणी जातं आणि गांधीलमाशा घर करतात.

अंगणाची दिशा आणि मागे शेजाऱ्याची भिंत किती उंच आहे ते कमेंटमध्ये टाका, भिंत पश्चिमेला आणि उंच असेल तर चारनंतरची सावली तशीही मिळणार आणि मग फट मोठी ठेवून पाइप वाचवता येतील.