बांगडा तळला की शेजारीण दार वाजवते

प्रश्न : ताई, मी डिचोलीची, लग्नानंतर चार महिन्यांपूर्वी लिस्बनला आले. सासऱ्यांचा जन्म १९६१ च्या आधीचा, त्यामुळे नवऱ्याचा पोर्तुगीज पासपोर्ट झाला आणि त्याच्या मागून मी. तो हॉटेलात कामाला, घरी यायला रात्रीचे अकरा वाजतात. मग मी ताजं वाटण लावते, बांगडे तळते, आणि लगेच खालची म्हातारी वर येऊन दार वाजवते. काहीतरी 'बारुल्यु बारुल्यु' म्हणते, हातवारे करते. आमच्या मासळीच्या वासाचाच त्रास असणार, लाज वाटते. दिवसभर कोणाशी बोलणं नाही, घर आतून गारठलेलं, आईचा फोन येतो तोच आधार पण तो रात्री साडेबाराला, मग झोप जाते. इथली सवय कधी होणार की परत यावं? सोबत काय काय मागवता येईल तेही सांगा, जाऊबाई पुढच्या महिन्यात येतायत.

उत्तर : अगो बाय, आधी हसले मग तुझी दया आली. बारुल्यु म्हणजे आवाज, गोंगाट! वासाचं काही नाही. ज्या शहरात जूनमध्ये सांत आंतोनिच्या फेस्ताला गल्लोगल्ली सार्दिनी भाजतात तिथे तुझ्या बांगड्याला कोण नाक मुरडणार. तुझा मिक्सर तिच्या डोक्यावर घरघरतोय, आणि तिथे रात्री ११ ते सकाळी ७ शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करायचा नाही असा कायदाच आहे. वाटण दुपारी लावून फ्रीजमध्ये ठेव आणि उद्या सकाळी खाली जाऊन 'देश्कुल्प' म्हण, म्हणजे माफ करा, आणि जाताना चार केळ्याच्या फोडी तळून ने. मी अकरा वर्षं तिथे काढलीत, माझ्याही बाबतीत हेच झालं होतं, फक्त माझ्याकडे मिक्सरच्या जागी भावाने दिलेला रगडा होता, त्यामुळे वर आली ती म्हातारी नव्हती, चांगला दांडगा पुरुष होता.

आता बोलायला कोणी नाही हे. तिथली माणसं घुमी वाटतात पण तसं नाही, फक्त पहिला शब्द आपण टाकावा लागतो. लिफ्टमध्ये, दुकानात, दवाखान्यात शिरलीस की आधी 'बों दिया', मगच काम. आपण गोव्यात थेट 'किती दिलं?' म्हणतो ना, ते तिथे उद्धट वाटतं. घराजवळचा एकच कॅफे धर, रोज एकाच वेळी जा, काउंटरला उभी राहून एक बिका घे, म्हणजे आपल्या बोटभर कपातली कडक कॉफी. दहाव्या-बाराव्या दिवशी तो तुला न विचारता कप पुढे करतो. मला तो दिवस अजून आठवतो, बाहेर येऊन मी चक्क नवऱ्याला फोन केला होता.

दुसरं मासळीवाली. सुपरमार्केटच्या मासळी काउंटरवर नंबर घे, कावाला म्हणजे आपला बांगडाच समज, थोडा लांबट. 'पारा फ्रितार' म्हटलंस की तळण्यासाठी साफ करून देते, तुला घरी खवलं उडवत बसायला नको. आणि भाषेला इतकी घाबरू नकोस, अर्धी तर तुझ्या तोंडात आहे: बटाटा बटाताच आहे, पाव, काजू, अननस, चावी, पगार, कोबी, सगळं तिथूनच आलंय. शिवाय सरकारी शाळांतून बाहेरून आलेल्यांसाठी पोर्तुगीजचे फुकट वर्ग असतात, 'लिंगुआ द आकोल्यिमेंतु' असं विचार. तिथे नेपाळी, युक्रेनी, बंगाली बायका भेटतील, सगळ्याच तुझ्यासारख्या.

गारठ्याचं खरं आहे, जुन्या घरांना हीटिंग नसतं, जानेवारीत घरापेक्षा बाहेर उन्हात बरं वाटतं. दुपारी दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघड, नाहीतर भिंतींना बुरशी धरते, कपाटातल्या साड्यांनासुद्धा. ओलावा ओढणारं मशीन घ्यायला नवऱ्याला सांग, हा खर्च वायफळ नाही.

आईचं मात्र मी कडक सांगते. हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेपाच तास मागे (मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत साडेचार), म्हणजे आई सकाळी सहाला चहा ठेवून फोन लावते तेव्हा तुझे साडेबारा. तिला सांग, रात्रीचं जेवण झाल्यावर कर, तिचे साडेनऊ म्हणजे तुझे दुपारचे चार. आणि रोज नको, एक दिवसाआड. मी पहिलं वर्षभर व्हिडीओवर आईच्या स्वयंपाकघरात बसून काढलं, तिचा कुकर किती शिट्ट्या देतो ते मला माहीत पण माझ्या गल्लीचं नाव सांगता येत नव्हतं. परत यायचा निर्णय हिवाळ्यात घेऊ नकोस, एक जून महिना तिथे काढ मग मला परत लिही.

जाऊबाईंच्या बॅगेचं : पेढे, खवा, तूप, चोरीस म्हणजे दुधाचं आणि मांसाचं काही नाही, युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मानकुराद आंबे आणि ताजा कढीपत्ताही सर्टिफिकेटशिवाय चालत नाही. पण गंमत बघ, नारळ चालतो! सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, सोलं म्हणजे आमसुलं, तिरफळं मागव. उकड्या तांदळाचं ओझं नको, तिथे 'वापोरिझादु' लिहिलेला तांदूळ मिळतो, तोही उकडलेलाच, दाणा लांबट आहे पण पेजेला चालतो. बाकी मसाले लिस्बनमधल्या मार्तीं मोनीज चौकाच्या आसपासच्या दुकानांत मिळतील.

जाऊबाईंना सांग, नारळ सोलून आणा, शेंडी ठेवा.