पाठीवरचा वार

प्रश्न : रात्री दोन वाजता कडी तोडून चोर घरात शिरला आणि झटापटीत मेला, तर घरमालकावर खुनाचा गुन्हा लागतो का? (एक वाचक, निफाड)

गुन्हा दाखल होताना बहुतेक वेळा खुनाचाच होतो, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. तिथेच माणसाचं अवसान गळतं. पण दाखल होणं वेगळं, शाबीत होणं वेगळं. १ जुलै २०२४ पासून ही संहिता आली, तरी स्वसंरक्षणाचा कायदा जवळपास तोच राहिला. आधी जुन्या भारतीय दंड संहितेत कलमं ९६ ते १०६ होती, आता ३४ ते ४४ आहेत. मालमत्ता वाचवताना जीव घेण्याची मुभा चारच प्रसंगी आहे : जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं वा स्फोटकं वापरणं, आणि जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी, नासधूस वा घरात घुसखोरी. तुमचा प्रसंग दुसऱ्यात बसतो. तरीही गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट सुटत नाही.

वकिलीच्या सुरुवातीला माझ्याकडे एका वस्तीवरचा शेतकरी आला होता. रात्री चोर दारात आला, त्याने विळा चालवला, याने काठी घातली. इथवर सगळं कायद्यात होतं. पण मयताच्या अंगावर तीन जखमा निघाल्या. एक कपाळावर, दोन पाठीवर. सरकारी वकिलांनी पंचाला एवढंच विचारलं, "ओट्यापासून प्रेत किती लांब होतं?" पंच म्हणाला, "चाळीस पावलं. ज्वारीत." मी खाली मान घालून कागद चाळत बसलो. खून शाबीत झाला नाही, पण सदोष मनुष्यवधाची शिक्षा लागली. घरफोडीविरुद्धचा हक्क चोर घरात असेपर्यंतच चालतो. चोरीचा माल घेऊन पळणाऱ्याचा पाठलाग करून माल सोडवता येतो. पळणाऱ्याचा जीव घेता येत नाही.

प्रश्न : बांधावरून चुलतभावांशी वाद आहे. ते काठ्या घेऊन आले, आमचीही तयारी होती. मारामारीत त्यांचा एक माणूस गेला. सुरुवात त्यांनी केली, तर हक्क आमचा ना? (एक वाचक, बार्शी)

"आमचीही तयारी होती" हे वाक्य कोर्टात कुणी तुमच्या तोंडून काढू नये, एवढीच प्रार्थना. दोन्ही बाजू ठरवून भिडल्या, तर स्वसंरक्षण सहसा कुणाच्याच वाट्याला येत नाही. मग ज्याने जो वार केला, तो त्याच्या नावावर. शिवाय कलम ३७ सांगतं की पोलिसांकडे जायला वेळ होता, तर हा हक्कच नाही. बांधाचं भांडण तीन पिढ्यांचं असतं. वेळ नव्हता, हे न्यायाधीशांना पटवायचं कसं?

पण शेत तुमच्या शांत ताब्यात असेल, ते अचानक चालून आले असतील आणि मार खाता खाता वार झाला असेल, तर चित्र पालटतं. जयदेव विरुद्ध पंजाब सरकार (१९६३) हा खटलाही शेतजमिनीवरूनच होता. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी त्यात मान्य केलं की जिवावर बेतलेला माणूस प्रत्येक वार तराजूत तोलून करू शकत नाही. मात्र धोका टळल्यावर, समोरचे पळत असताना झाडलेल्या गोळ्यांना त्याच निकालाने संरक्षण नाकारलं.

प्रश्न : माझा भाचा फ्लोरिडात असतो. तो म्हणतो तिकडे मागे हटावं लागत नाही. आपल्याकडे पळून जाणं बंधनकारक आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

नाही. फ्लोरिडाने २००५ मध्ये तसा कायदा केला. आपल्याकडेही बेकायदा हल्ला झाला तर भ्यायल्यासारखं पळ काढायला कोर्ट सांगत नाही. पण भाच्याच्या भरवशावर इथे राहू नका, तिथले बारकावे वेगळे.

प्रश्न : मुलीचा कुणी पाठलाग करतो. तिने हल्लेखोराला मारलं तर? (एक आई, नांदेड)

नुसत्या पाठलागावर जीव घेता येत नाही, तक्रार मात्र आजच करा. बलात्कार, पळवून नेणं, ॲसिड फेकणं या हेतूने हल्ला झाला, तर जीव जाईपर्यंत प्रतिकाराची मुभा कलम ३८ देतं. ॲसिडचा उल्लेख २०१३ मध्ये आला. आधी इजा व्हावी लागत नाही, धोक्याची रास्त भीती पुरते.

प्रश्न : रानडुकरांसाठी कुंपणाला करंट सोडला. रात्री चोरी करायला आलेला माणूस मेला. (एक वाचक, यवतमाळ)

हे स्वसंरक्षण म्हणून मांडू नका, टिकणार नाही. तारेला चोर कळत नाही, पाणी द्यायला आलेला गडीही कळत नाही. शेतातल्या साध्या चोरीला मृत्यू हे उत्तर कायद्यात नाहीच. आजच्या आज तार काढा.

प्रश्न : स्वसंरक्षण होतं हे सिद्ध कुणी करायचं? (एक वाचक, सातारा)

आरोपीने. पण सरकार पक्षाइतकं निःसंशय नव्हे, तुमची हकिगत जास्त संभवनीय वाटली तरी पुरतं. सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासातूनही ते निघू शकतं. म्हणून ११२ ला फोन स्वतः करा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आणि तुमच्या अंगावरची जखम त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंदवा.

त्या वस्तीवरच्या शेतकऱ्याने खांद्यावरच्या विळ्याच्या जखमेला हळद लावली होती. दवाखान्यात गेलाच नाही. चोराने आधी वार केला, हे सांगायला उरला होता फक्त खांद्यावर फाटलेला सदरा. तो कुठे आहे म्हणून विचारलं, तर त्याची बायको म्हणाली, "त्याच पहाटे धुतला साहेब. रक्ताचा डाग वाळला की निघत नाही."