जर्मनचा क्लास मराठीतून, बदलू का?

प्रश्न: नमस्कार ताई, माझा मुलगा अकरावीला आहे, ऐरोलीहून ठाण्याला जर्मनच्या क्लासला जातो. दीड महिना झाला तरी वहीत व्याकरणाचा एकही तक्ता नाही, सर नुसतं बोलायला लावतात, चुकलं तरी टोकत नाहीत आणि वर मराठीतून समजावतात. पुढे ए वन, म्हणजे जर्मनची पहिल्या पातळीची परीक्षा द्यायचीये. क्लास बदलू का?
– एक आई, ऐरोली

उत्तर: नमस्कार. घाई करू नका. मी पण ठाण्यात जर्मनच शिकवते आणि तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन गोष्टी मी स्वतः मुद्दाम करते.

आधी मराठीचं बोलू, कारण ते मला अगदी मनापासून सांगायचंय. परदेशी भाषा इंग्रजीतून शिकवली की क्लास भारी, असं बऱ्याच पालकांना वाटतं. पण थंडी वाजत असली की इंग्रजीवरून जाणारा मुलगा 'इश बिन काल्ट' (शब्दशः 'मी थंड आहे') म्हणतो आणि अर्थ भलताच होतो, जर्मन माणूस म्हणतो 'मिअर इस्ट काल्ट', म्हणजे तिथे आपल्यासारखं 'मला' लागतं. आवडण्याचंही तसंच, पुस्तक मला आवडतं, त्यांच्याकडेही कर्ता पुस्तकच. आकडे घ्या, पंचवीस म्हणताना आपला पाच आधी येतो आणि वीस नंतर, जर्मनमध्येही तोच क्रम, त्यामुळे मराठी आकडे पक्के असलेली मुलं इथे पटकन पुढे जातात (आणि आता किती मुलांचे ते पक्के असतात, हा वेगळाच विषय!). लिंगं पण तीनच, फक्त कुठल्या शब्दाला कुठलं ते पाठ करावंच लागतं, कारण आपला सूर्य तो आणि त्यांचा ती. एवढी भाषा मुलाच्या डोक्यात आयती असताना ती बाजूला ठेव म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आता चुका. अकरावीच्या वयात चारचौघांत प्रत्येक शब्दाला थांबवलं की मूल पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. लहान मूल 'मी पोळी खाल्ला' म्हणालं तर आपण 'अरे वा, पोळी खाल्लीस?' म्हणून पुढे जातो, तेच वर्गात करायचं. म्हणजे सरांनी बरोबर वाक्य परत म्हणून दाखवलं पाहिजे, नुसतं सोडून देणं चालणार नाही, आणि लिहिलेल्यातली प्रत्येक चूक मात्र लाल पेनने दाखवलीच पाहिजे.

तक्त्याच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. बोलून झालं की ते नियमात बांधावं लागतं, दीड महिन्यात निदान 'झाइन' (असणे) आणि 'हाबेन' (जवळ असणे) या क्रियापदांची रूपं तरी वहीत यायला हवी होती. हे सरांना स्पष्ट विचारा.

परीक्षेची काळजी म्हणाल तर ए वनला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं चारही असतं, पास व्हायला 100 पैकी 60 लागतात, आणि बोलण्यात स्वतःची ओळख करून द्यायची, नावाचं स्पेलिंग आणि एखादा नंबर सांगायचा असतो, म्हणजे आत्ताचं बोलणं फुकट जात नाहीये. घरी त्याला तुमचा मोबाईल नंबर दोन-दोन आकडे जोडून जर्मनमध्ये सांगायला लावा. अडखळत का होईना सांगितला तर क्लास बदलू नका, आणि अजिबातच जमला नाही तर सरांना जाऊन भेटा, फोनवर नको, वही सोबत न्या.