टॅगवर शुद्धता ९८ टक्के, शेतात मात्र दोन वाण

इंदूरहून एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. सांवेर तहसिलीतल्या शेतात त्यांच्या भावानं सोयाबीनच्या जे.एस. ९५-६० या वाणाचं प्रमाणित बियाणं पेरलं. फुलोऱ्यात जांभळ्या फुलांमध्ये पांढरी दिसली. एका ओळीत मोजली तर शंभरात चौदा झाडं. आता जांभळ्या फुलांच्या झाडांच्या शेंगा तडकायला आल्यात आणि पांढऱ्यांची झाडं अजून हिरवी आहेत. दुकानदार म्हणतो, “लॉट (बियाण्याची ती खेप) पास आहे, पोत्याच्या टॅगवर शुद्धता ९८. काढणी उरका, पुढच्या हंगामात बियाणं फुकट देतो.” वर ‘तक्रार नाही’ अशा कागदावर सहीही मागतो.

ताई, भावाला सही करू देऊ नका. काढणी थांबवता येत नसेल, तर निदान एक पट्टा पंचनाम्यासाठी उभा ठेवा.

टॅगवरची ९८ टक्के ही भौतिक शुद्धता, म्हणजे माती, काडीकचरा वगळून उरलेले सोयाबीनचे दाणे. दुसऱ्या वाणाचा दाणाही त्यात शुद्धच धरला जातो. वाणाची शुद्धता कळते ती झाडं वाढवून. गोंधळ होतो कारण प्रमाणित बियाण्यासाठी तिचीही किमान मर्यादा ९८ टक्केच आहे. शंभरात दोन झाडं चालतील, चौदा नाहीत. मात्र एका ओळीवर भागणार नाही. चार-पाच ठिकाणी शंभर-शंभर झाडं साक्षीदारांसमोर मोजा. फुलं गळली असतील, तरी शेंगांवरची लव आणि पक्वतेतला फरक दिसतो. फुलांचे तारखेसह फोटो असतील तर जपा.

बियाण्याची तपासणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीज निरीक्षकाकडे, आजच लेखी तक्रार द्या, पोच घ्या. बीज नियम १९६८ मधल्या २३-अ प्रमाणे त्यानं टॅग, पोती आणि उरलेल्या बियाण्याचा नमुना घेऊन चौकशी करायची असते. नांग्या भरायला, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा पेरायला, ठेवलेलं न उघडलेलं पोतं आहे असं आपण लिहिता; माझ्या मते तोच आपला सर्वांत भक्कम पुरावा, कारण समोरचे हमखास म्हणणार की घरचं बियाणं मिसळलं. अर्जात ‘वाणाच्या शुद्धतेसाठी झाडं वाढवून चाचणी व्हावी’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर उगवण आणि भौतिक शुद्धता तपासून ‘पास’ असा कागद येईल. कंपनीला आणि दुकानदाराला पाहणीची तारीख लेखी कळवा. त्यांच्या गैरहजेरीतला पंचनामा पुढे एकतर्फी ठरवतात.

बीज कायद्यानं दंड होईल, पण आपल्या हाती पैसे येणार नाहीत. भरपाईसाठी इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. शेतकरी ग्राहकच आहे आणि चाचणीसाठी बियाणं राखून ठेवलं नाही म्हणून त्याची तक्रार पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात म्हटलं आहे. नुकसान मात्र आपल्यालाच सिद्ध करावं लागेल. तडकून सांडलेलं किती, हिरव्या दाण्यामुळे मंडीत भाव किती पडला, याची पावती-पावती ठेवा.

आणि ते पोतं बियाण्याच्या कोठीत इतर पोत्यांत मिसळू देऊ नका. त्याची शिवण आणि निळा टॅग जसाच्या तसा राहू द्या.