दुकानात बसायला लागलीस, आता एवढं ऐक

धाकट्याकडे गल्ल्याची किल्ली आणि तुझ्याकडे उधारीची वही, हे बघून पोटात तुटतं ना? माझंही तुटायचं. वीस वर्षं मी वडिलांच्या दुकानाचा हिशेब लिहिला. गादीवर मात्र भाऊच. तरी भावाशी अबोला धरू नकोस गं, झुकतं माप त्याने मागितलेलं नसतं. वडिलांशीच बोल, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. ‘त्यालाच का?’ असं नको. ‘माझं काम कोणतं, पगार किती?’ एवढं विचार आणि ठरेल ते लिहून घे.

हक्कसोडपत्रावर मायेपोटी सही करू नकोस. मी राखीच्या दुसऱ्याच दिवशी केली होती. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. कागद आधी वकिलाला दाखव.