लाल बिल्ला आणि ६५ मिलिमीटर

प्रश्न : काका, आमचे बाबा शेतकरी संघटनेचे जुने कार्यकर्ते. लाल बिल्ला अजून जपून ठेवला आहे. मी म्हणतो, अतिवृष्टीचे पैसे जो मिळवून देईल त्याला मत. बाबा म्हणतात, तुमची पिढी विकली गेली. पाऊस बिघडला म्हणून निष्ठाही बिघडावी काय?
– एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, आधी बाबांना माझा रामराम सांगा.

तुम्ही विकले गेले नाही. पण बाबांचा राग फुकटचा नाही. १९७९ मध्ये शरद जोशींनी संघटना उभी केली. घोषणा होती, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. कापसाच्या भावाचं दुखणं आर्वीला तेच, वणीलाही तेच. म्हणून गावंच्या गावं रस्त्यावर बसायची.

नुकसानभरपाईचं तसं नाही. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, पर्जन्यमापकावर. मी कृषी सहायक होतो. तलाठी-ग्रामसेवकासोबत पंचनामे करत चिखल तुडवला. नाल्याच्या अलीकडचं वावर एका मंडळात, पलीकडचं दुसऱ्यात. सोयाबीन दोन्हीकडे सारखंच सडलेलं. पैसे मिळाले अलीकडच्यांना. त्यांनी आमदाराला हार घातला, पलीकडच्यांनी त्याचीच गाडी अडवली. त्यात एकाच जातीचे, एकाच पक्षाचे सोयरे होते!

२०२४ मध्ये विदर्भानं लोकसभेच्या १० पैकी ७ जागा महाविकास आघाडीला दिल्या आणि नोव्हेंबरात विधानसभेला महायुतीला भरभरून मतं टाकली. त्यात सोयाबीनचा पडलेला भाव होता, लाडक्या बहिणीचे पैसे होते, जातही होती. सगळंच पावसावर ढकलू नका.

मला खुपतं ते वेगळं. भाव मागणारा ताठ मानेनं मागायचा, पंचनाम्यासाठी मात्र आपण साहेबांच्या मागे फिरतो. अन् पाऊस असा का झाला, हे प्रचारसभेत कोणी विचारत नाही. चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालतं. कोळसा जाळल्यानं हवामान तापतं, पाऊस बिघडतो; पण उमेदवाराला त्यात नोकऱ्या तेवढ्या दिसतात.

बाबांशी भांडू नका, त्यांना ग्रामसभेत न्या. पर्जन्यमापक मंडळाला एक नको, गावागणिक हवा, असा ठराव नाल्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांनी घ्यावा. मसुदा बाबांनाच लिहू द्या, निवेदनं लिहिण्यात त्यांची हयात गेली असेल. मत मागायला जो येईल, त्याच्या हातात तो कागद ठेवा आणि सही घ्या.