लहानपणापासून टेनिस बॉलवर क्रिकेट खेळतोय. तिशीनंतर सीझन बॉलवर, म्हणजे चामड्याच्या जड चेंडूवर, खेळायचं असेल तर काय काय बदलावं लागेल?

आठ आठवड्यांनी क्लबचे सामने सुरू होतायत, बॅट नवीन इंग्लिश विलोची घेतलीय आणि आता उशीर तर झाला नाही ना, असं तुम्ही विचारलंय. उशीर झालेला नाही. लहानपणापासून चेंडूवर पोसलेली नजर, टप्प्याचा अंदाज, चोरटी धाव कुठे आहे याची जाण, हे सगळं जसंच्या तसं कामाला येतं. बदलायचे आहेत ते हात आणि पहिलं पाऊल. आणि शरीराला सवयीसाठी वेळ द्यायचा आहे.

टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो, सीझन बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे पावणेतीन पट जड. टेनिस बॉल टप्पा पडल्यावर वेग टाकतो, छातीपर्यंत उसळतो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. म्हणून पुढचा पाय बाजूला काढून मिडविकेटवरून भिरकावण्याची सवय आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी खिळते. सीझन बॉल तसा थांबत नाही. त्याच टप्प्यावरून तो गुडघ्याच्या थोडा वर राहतो, शिवणीवर पडला तर दिशा बदलतो आणि तुमचा आडवा फटका संपायच्या आत स्टंपवर असतो.

आधी बॅट, कारण तिला तयार व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो. कच्चं जवसाचं तेल घ्या, उकळलेलं नको. एका वेळी चमचाभर तेल कापडाने फळीच्या पुढच्या भागाला, कडांना आणि टोकाला हलकं चोळा. दांडा फळीत बसवलेला सांधा आणि स्टिकर कोरडे ठेवा. सांध्यात तेल गेलं तर तिथला गोंद सैल होतो. बॅट आडवी ठेवून २४ तास जाऊ द्या आणि असे दोन, फार तर तीन हात द्या. पारदर्शक फिल्म चिकटवलेली असेल तर फक्त उघड्या लाकडाला तेल लावा. जास्त तेल पाजलेली बॅट जड आणि मुकी होते.

मग नॉकिंग, म्हणजे बॅट ठोकून तयार करणं. लाकडी मॅलेटने (हातोडीने) रोज १५-२० मिनिटं, आधी हलक्या हाताने, हळूहळू जोर वाढवत, एकूण पाच-सहा तास. घाईत इथेच वेळ कापला जातो आणि पहिल्या आठवड्यात बॅट फुटते. कडांवर सरळ घाव घालू नका, ४५ अंशांत तिरके मारून कड गोल करत न्या. टोकाच्या तळाला आणि फळीच्या पाठीला ठोकायचं नाही. नंतर जुन्या, मऊ पडलेल्या सीझन बॉलवर हलके फटके मारा. शिवणीचे खोल वळ उठले तर परत मॅलेट. नवा चेंडू आणि यॉर्कर सगळ्यांत शेवटी. टेनिसची हलकी, पाठीमागून कोरलेली बॅट सीझन बॉलला चुकूनही लावू नका. ११३० ते ११९० ग्रॅमची बॅट बहुतेकांना पुरते. फक्त वरच्या हाताने, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाकडच्या हाताने, ती सरळ उचलून खेळता येत नसेल तर ती तुमच्यासाठी जड आहे.

फलंदाजीत माझ्या मते सर्वांत कळीचा हाच वरचा हात. टेनिसवर खालचा हात राज्य करतो, फटका त्याच्याच जोरावर जातो. इथे खालच्या हाताची पकड घट्ट असली की बॅटचं तोंड लवकर बंद होतं, चेंडू पुढच्या कडेला लागून वर उडतो. वरच्या हाताची पकड नेहमीसारखी ठेवा, खालच्या हाताच्या फक्त अंगठा आणि तर्जनीने बॅट धरून रोज ३०-४० चेंडू खेळा. जोडीदाराने १२ ते १५ यार्डांवरून थ्रोडाउन द्यावेत, म्हणजे हाताने चेंडू फेकावेत. चेंडू डोळ्यांखाली आल्यावर, जरा उशीरच, मऊ हातांनी खेळा. पहिले दोन आठवडे सरळ बॅटच्या बाहेर जाऊ नका. पुल आणि कट नंतर आपोआप येतात, ते तुमच्याकडे आहेतच.

दुसरी गोष्ट पायचीतची. गल्लीत आणि टेनिसच्या अनेक स्पर्धांत पायचीत देतच नाहीत, त्यामुळे पुढचा पाय बिनधास्त ऑफला आडवा पडतो. सीझन बॉलवर तोच पाय घात करतो, कारण त्याला वळसा घालून बॅट यावी लागते. पाऊल चेंडूच्या रेषेच्या किंचित आतल्या बाजूला टाका, म्हणजे बॅटला सरळ वाट मिळते.

आणि चेंडू सोडायला शिका. टेनिसवर निर्धाव चेंडू म्हणजे नुकसान. इथे ऑफ स्टंपबाहेरचा नवा चेंडू सोडणं हे फलंदाजाचं काम आहे. नेटमध्ये एक पूर्ण षटक फक्त सोडण्यासाठी खेळा आणि प्रत्येक चेंडूनंतर स्टंपमागे उभ्या असलेल्याला विचारा, स्टंपपासून किती लांब गेला? ऑफ स्टंप कुठे आहे हे डोक्यात पक्कं बसायला याहून चांगला सराव नाही.

गोलंदाजी करत असाल तर आधी कोपर तपासून घ्या. टेनिसवर झटका मारून वेग काढलेला खपून जातो, इथे पंच नो-बॉल देतात आणि जड चेंडूने कोपरही दुखावतं. मोबाइलवर बाजूने चित्रण करून पाहा. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर, मनगट चेंडूच्या मागे. उजव्या फलंदाजाला आउटस्विंग हवा असेल तर शिवण पहिल्या स्लिपकडे आणि चकचकीत बाजू लेगला. घामाने चमकवा, थुंकी आता नियमात बसत नाही. मध्यमगतीसाठी स्टंपपासून साधारण सहा मीटरवर टप्पा ठेवा. सुरुवातीला एका दिवसाआड तीन-चार षटकं बास, दर आठवड्याला एखादं वाढवा. उत्साहात पहिल्याच दिवशी दहा टाकली की बरगडीखालचा स्नायू किंवा कंबर धरते आणि तुमचे आठ आठवडे तिथेच संपतात.

हेल्मेट, पॅड, ग्लोव्ह्ज, थाय पॅड आणि एल गार्ड (जांघेचं कवच), यातलं काहीही नेटमध्येसुद्धा वगळू नका. हेल्मेटची जाळी आणि वरची कड यांच्यातल्या फटीतून चेंडू जाता कामा नये, खरा चेंडू धरून बघा. जोराचा फटका बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर, रबरी तळाचे बूट, खिळ्यांचे फक्त गवताच्या मैदानावर.

झेलांसाठी पाच मीटरवरून जुन्या चेंडूने सुरुवात करा, रोज वीस-तीस, मग अंतर वाढवा. टेनिस बॉल हातातून उसळतो म्हणून आपण तो झडप घालून पकडतो. सीझन बॉलवर हात चेंडूसोबत मागे न्यायचे, म्हणजे मार विरतो. कमरेखाली बोटं जमिनीकडे, छातीच्या वर आकाशाकडे. चेंडूच्या दिशेने रोखलेलं बोट टोकाच्या पेरात निखळतं आणि बरं व्हायला अनेक आठवडे घेतं.